तिसरी हाक

११ जुलै

सामान लागलं. दोन खोल्या, एक पंखा, तीन पायऱ्या आणि दाराबाहेर दगडी ओटा. गल्लीतल्या प्रत्येक घराला असा ओटा आहे आणि संध्याकाळी प्रत्येक ओट्यावर कोणी ना कोणी टेकलेलं असतं. माझ्या ओट्यावर मांजर झोपते. बरंय, मला काम आहे.

काम असं की बंदर खोल करायला गाळ उपसणारं जहाज आलं आहे. ते तळ खरवडतं तेव्हा पाणी गढूळ होतं. तो गढूळ लोट वाऱ्याबरोबर, भरती-ओहोटीबरोबर उद्या कुठे जाईल, हे मी आज संगणकावर काढून सांगायचं. नकाशा पांढरा आला तर जहाज चालू. जपायच्या जागांवर तांबडं चढलं तर जहाज बंद. बंदराचे इंजिनियर म्बवांबो पहिल्याच भेटीत म्हणाले, "कोकुबाई, तुमच्या रंगपेटीतला तांबडा जरा जपून वापरा हं." कोकुशुबिरा हे पूर्ण नाव या किनाऱ्यावर कोणाला झेपत नाही. मी बुकोबाची, देशाच्या दुसऱ्या टोकाची, सरोवराच्या काठची. समुद्र मला अजून नीट मानवलेला नाही. खारट हवेने केस चिकट होतात आणि माणसं वाऱ्यावर बोलल्यासारखी मोठ्याने बोलतात.

१९ जुलै

संगणकावरचं मॉडेल पुन्हा फुटलं. सगळ्या उपसागराची मी जाळी केली आहे. जाळीतल्या चौकोनांना मी घरं म्हणते. प्रत्येक घरात पाणी किती, गाळ किती आणि शेजारच्या घरात त्यातलं किती जाणार, एवढंच गणित. पण दक्षिणेला वाळूचं एक सपाट पठार आहे, भरतीला बुडणारं आणि ओहोटीला उघडं पडणारं. तिथली घरं कोरडी होऊ लागली की गणित बिथरतं, आकडे भलतीकडेच जातात आणि सगळं ठप्प होतं.

म्बवांबोंना पहिला अंदाज उद्या हवा आहे. मी त्यांना म्हटलं, आठवडा द्या. ते म्हणाले, "जहाज उभं ठेवून मी काय त्याला वारा घालत बसू?"

२० जुलै

सुटलं! त्या कोरड्या पडणाऱ्या घरांना सरळ जमीन करून टाकलं. जमिनीत पाणी शिरत नाही, गणित करावं लागत नाही, तंटाच मिटला. मॉडेल लोण्यासारखं चाललं. तशी ती कडेची वाळूच, तिथे आहे कोण? नकाशा वेळेत गेला. म्बवांबोंनी फोन करून शाबासकी दिली.

स्वतःचं कौतुक म्हणून तळलेला मासा आणला. काटा घशात अडकला. पाठीवर थाप मारायला कोणी नसलं की केळं गिळायचं. बुकोबाच्या बाईच्या घरात केळं असतंच.

८ ऑगस्ट

इथे दुसऱ्याच्या दाराशी जाऊन बाहेरूनच 'होदी' अशी हाक द्यायची असते. आतून 'करिबू' आलं की आत जायचं. होदी आमच्याकडेही म्हणतात, पण म्हणता म्हणता माणूस चुलीपाशी पोचलेलं असतं. इथे नियम कडक आहे. तीनदा हाक द्यायची, आणि उत्तर नाही आलं तर निमूट परत फिरायचं, घरात माणूस असलं तरी. राग धरायचा नाही.

दिवसभर गल्लीत होदी-करिबू चाललेलं असतं. मला इथे येऊन महिना होत आला आणि अजून एकदाही कोणाला करिबू म्हणायची वेळ आलेली नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. फक्त नोंद.

१३ ऑगस्ट

समोरच्या घरात बी साउमू राहतात. बी म्हणजे बाई. साठीच्या असाव्यात. मुलं सगळी दार-एस-सलामला. आज मी कुलूप लावत होते तर त्या त्यांच्या ओट्यावरून ओरडल्या, "ए पोरी, तुझ्या घरातून रात्रंदिवस घों घों येतं. कुत्रं पाळलंयस का नवरा?"

"संगणक आहे, बी."

"म्हणजे नवराच की. जेवायला मागत नाही ना? मग चांगला आहे, सांभाळ त्याला." मग माझ्या बुटांकडे बघून म्हणाल्या, "आज पाणी लांब जाणार. चल आमच्याबरोबर, पाय तरी ओले होतील."

गेले. दहा-बारा बायका होत्या. पौर्णिमेचं उधाण, त्यामुळे ओहोटीला समुद्र इतका मागे हटला होता की लाटेचा आवाजही येईना. वाळूत खुंट्या ठोकलेल्या, खुंटीपासून खुंटीपर्यंत दोऱ्या, दोऱ्यांना शेवाळाचे झुबके बांधलेले. म्वानी म्हणतात त्याला. सहा आठवड्यांत वाढतं, वाळवून विकतात. किडावा नावाची एक दणकट, फटकळ बाई आहे. ती म्हणाली, "ही कॉम्प्युटरवाली? हिला गाठ तरी मारता येते का विचारा."

येत नव्हती. शिकले. गुडघ्यावर बसून दुपारपर्यंत गाठी मारल्या आणि त्यांचं बोलणं ऐकलं. कोणाची सून कशी, कोणाच्या जावयाने काय दिवे लावले. मधेच आठवलं, या जागेला माझ्या नकाशात रंग कोणता? पांढरा. रोजच पांढरा. मनाला फार बरं वाटलं.

१९ सप्टेंबर

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहायला बसते ती एकटी असते म्हणून, आणि एकटी असते ती भांगाच्या दिवसांत, जेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही आणि पठारावर काम नसतं. उधाणाचे दिवस पठारावर जातात. ओहोटी कधी हे मी हल्ली संगणकाला विचारत नाही. बी साउमू समोरून हाळी देतात, "पाणी गेलं गं!" दाराशी मात्र कधी येत नाहीत. म्हणतात, "तुझ्या तीन पायऱ्या माझ्या गुडघ्यांना बघवत नाहीत." त्यांच्या दाराशी मी रोज जाते. होदी म्हणते, पहिल्याच हाकेला आतून करिबू येतं, आणि कधीकधी नारळाच्या दुधातला भातही.

आईला फोनवर सांगितलं, इथे माझी माणसं आहेत. ती म्हणाली, "काय? माशा आहेत?" तिला कमी ऐकू येतं. मी म्हटलं, हो, माशाही आहेत.

२२ ऑक्टोबर

काम लांबलं आहे. दक्षिणेचा वारा असेतो लोट उत्तरेला, उघड्या समुद्राकडे जात होता. आता वारा पडला. पंधरवड्यात उत्तरेचा सुरू होईल आणि गढूळ पाणी दक्षिणेला वळेल. म्बवांबोंनी विचारलं, "चालू ठेवायचं का?" मी उत्तरेचा वारा घालून मॉडेल चालवलं. लोट पठाराच्या कडेपर्यंत येतो आणि तिथून वळतो. पठार पांढरं. तसं कळवलं.

संध्याकाळी बी साउमूंच्या घरी सगळ्या जमल्या. किडावाचं म्हणणं, वारा फिरायच्या आत सगळ्या दोऱ्या उचलून कांदळवनाच्या पलीकडे न्यायच्या. ते करायचं म्हणजे अर्धं पीक कोवळंच तोडायचं आणि खुंट्या उपटून पुन्हा ठोकायच्या. कोणाची तयारी नव्हती, पण घाबरल्या होत्या सगळ्याच. मग बी साउमू मला म्हणाल्या, "तू सांग."

मी चटईवर संगणक उघडला. "हे जहाज. हा गाळ. हे आपलं पठार." आपलं म्हटलं मी. "पांढरं आहे. वारा फिरला तरी पांढरंच."

किडावा वाकून बघत राहिली. "गाळाला कोणी सांगितलं इथून वळ म्हणून?"

"गणिताने," मी म्हटलं. सगळ्या हसल्या.

बी साउमू म्हणाल्या, "ऐकलंत? ही आपल्यात बसून जेवते. खोटं सांगायची नाही. खुंट्या जागच्या हलणार नाहीत." त्यांच्या शब्दाला मान आहे. विषय संपला.

घरी आले तेव्हा हवेत तरंगत होते. इतकी वर्षं नकाशे काढते आहे, पण माझ्या नकाशावर कोणी इतका विश्वास टाकला नव्हता.

९ नोव्हेंबर

वारा फिरला. शेवाळावर तपकिरी साय धरली आहे आणि टोकं पांढरी पडून गळताहेत. किडावा मुठीत झुबका घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "हा गाळ आहे."

मी समजावलं की पाणी तापलं की शेवाळाला असा रोग होतो, सगळीकडे होतो. बंदराच्या माणसानेही पाहणी करून 'रोग' असंच लिहून नेलं. नकाशा पुन्हा दाखवला. किडावा म्हणाली, "तुझा नकाशा धुतलेला दिसतो. माझं शेवाळ नाही." मला राग आला. आकड्यांशी भांडून काय उपयोग? बी साउमू मधे पडल्या, "गप गं किडावा. ती शिकलेली आहे, तिला कळतं."

आईने बुकोबाहून बसने डबाभर टोळ पाठवले, आम्ही त्यांना 'सेनेने' म्हणतो. आमच्याकडे या दिवसांत ते उतरतात, तळून खातो. डबा घेऊन पठारावर गेले होते. बायका किंचाळल्या. बी साउमूंनी एक उचलला, त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि परत ठेवला. "हा माझ्याकडे बघतोय." तेवढ्यापुरत्या सगळ्या हसल्या, किडावा सोडून.

२३ नोव्हेंबर

पायांचा चिखल न धुताच लिहिते आहे.

आज बायका लवकर निघून गेल्या. तोडण्यासारखं उरलंय काय? मी एकटीच गाठी सोडवत मागे राहिले. पाणी चढू लागलं. घोट्यापर्यंत आलं, गुडघ्यापर्यंत आलं, आणि पाहते तर माझे पाय दिसेनात. दुधाच्या चहाच्या रंगाचं पाणी किनाऱ्याच्या टोकाला वळसा घालून थेट पठारावर येत होतं. येऊन दोऱ्यांमध्ये थांबत होतं, आणि गाळ खाली बसत होता. मी त्यात उभी होते.

पहिला विचार काय आला? की मोजमापात चूक असेल. अशी मी.

घरी येऊन, मी उभी होते ते घर जाळीत शोधलं. त्या घरात शून्य नव्हतं. त्या घरात आकडाच नव्हता. ती जमीन होती. जुलैत मी स्वतःच केलेली. आकडा शून्य असला तरी नकाशा पांढरा दिसतो आणि आकडा नसला तरी पांढराच. ते पठार स्वच्छ आहे असं माझं मॉडेल कधी म्हणालंच नव्हतं. ते मी म्हणाले होते, चटईवर बसून, आपलं पठार म्हणून.

म्बवांबोंना फोन केला, जहाज थांबवा. ते म्हणाले, "नकाशा दाखवा, थांबवतो."

२६ नोव्हेंबर

पठार पुन्हा पाण्यात घेतलं. घरं कोरडी होताना गणित सांभाळायला वेळेचे तुकडे अगदी बारीक करावे लागतात. एक दिवस काढायला दोन-तीन तास लागतात. दोनदा फुटलं.

बी साउमूंना अजून सांगितलेलं नाही. आधी मॉडेल नीट होऊ दे, पक्कं कळू दे, मग सांगेन. अर्धवट काय सांगायचं? सकाळी त्या ओट्यावरून ओरडल्या, "पोरी, तोंड का उतरलंय? जेवलीस का?" मी जेवले म्हणाले. जेवले नव्हते.

२९ नोव्हेंबर

झालं. पठार तांबडं. वारा फिरल्यापासूनच्या उधाणाच्या प्रत्येक भरतीला तांबडं. सकाळी नकाशा पाठवला आणि दुपारी जहाज थांबलं. मग अहवाल लिहिला, की आधीचे सगळे नकाशे पठारापुरते निकामी आहेत, ते मोजलेलंच नव्हतं, आणि शेवाळ रोगाने नाही, गाळाने मेलं.

म्बवांबोंना तो आधी फोनवर वाचून दाखवला. ते म्हणाले, "आजपासून तांबडं केलंत ना? मग मागचं कशाला उकरता? रोग लिहिलाय, रोग राहू द्या."

"रोग राहिला तर भरपाई नाही, पिकाचं नुकसान त्यांच्याच माथी बसेल."

"आणि गाळ लिहिलं तर तुमच्या माथी. कोकुबाई, मी तुमच्या भल्याचं सांगतो आहे." खरंच भल्याचं सांगत होते. माणूस वाईट नाही.

अहवाल तसाच पाठवला. मला फार भीती वाटते आहे, पण नोकरीची नाही.

१ डिसेंबर

ओहोटी फारशी नव्हती, तरी पठारावर सगळ्या होत्या, सडलेलं काढून टाकायला. तिथेच सांगितलं. मॉडेल, जाळी असलं काही बोलले नाही. म्हटलं, "मी ही जागा मोजलीच नव्हती. न मोजता चांगली आहे म्हणाले. चूक माझी."

वाटलं होतं, शिव्या देतील. किडावाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती बी साउमूंकडे वळली. "आम्ही हलवणार होतो. तुम्ही म्हणालात, ही आपल्यात जेवते."

बाकीच्या टोपल्या उचलून चालू लागल्या. बी साउमूंचा शब्द मोडून कोणी असं चालू लागलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या एकट्या खुंटीला धरून उभ्या राहिल्या. मी "बी" म्हटलं. त्या म्हणाल्या, "पाणी चढेल, घरी जा." एवढंच. पोरी म्हणाल्या नाहीत.

२ डिसेंबर

त्यांच्या दाराशी गेले. आत खवणीवर नारळ खवल्याचा आवाज येत होता. "होदी!" आवाज थांबला. पुन्हा "होदी!" काही नाही. त्या आत होत्या आणि ऐकत होत्या.

तिसरी हाक ओठांवर आली आणि मी गिळली. तिसरीलाही उत्तर आलं नाही तर ते उत्तरच झालं. दोन हाकांवर परत फिरलं तर निदान काही ठरत नाही. घरी आले. मागे खवणी पुन्हा सुरू झाली.

३ डिसेंबर

दोनदा.

६ डिसेंबर

दोनदा. गल्लीतल्या बायका आता माझ्या हाका मोजत असाव्यात. समोरची हाळीही बंद आहे. आज मांजरसुद्धा ओट्यावर नव्हती, पण तिचा याच्याशी संबंध नसावा.

संगणक बंद ठेवला आहे. जहाज दक्षिणेचा वारा परतेपर्यंत उभं राहणार, मग अंदाज कसला काढायचा? घोंघों नाही. बी साउमूंनी त्याला नवरा म्हटलं होतं. घर फार मोठं वाटतं.

१० डिसेंबर

ऑफिसचा निरोप आला. दार-एस-सलामला परत या, पुढच्या हंगामाला दुसरा माणूस येईल. अपेक्षित होतं. नव्या माणसासाठी जाळी नीट करून ठेवली, पठाराच्या घरांना बायकांनी सांगितलेली नावं दिली. बंदराचा माणूस पुन्हा येऊन गेला म्हणे, मेलेल्या दोऱ्या मोजून 'गाळ' असं लिहून गेला. मला दुकानात कळलं. किडावा तिथे होती. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. सलाम समजावा इतकी नाही, पण हलवली.

बी साउमूंकडे दोनदा. उत्तर नाही.

१४ डिसेंबर

उद्या सकाळची बस आहे. संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालत होते. बाहेर कोणी "होदी!" म्हटलं. शेजारी असेल म्हणून मी घड्या घालत राहिले. पुन्हा "होदी!", या वेळी धाप लागलेल्या आवाजात. मग काही नाही. मी हातात परकर धरून उभी, तिसऱ्या हाकेची वाट बघत. ती येईना.

दार उघडलं. तीन पायऱ्या चढून आलेल्या बी साउमू माझ्या ओट्यावर मांजरीला बाजूला सारून बसल्या होत्या, गुडघे चोळत.

"तिसरी?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"ठेवली. तुझ्याकडूनच शिकले. रोज माझ्या दाराशी दोनदा ओरडून पळायचीस ना? मी आत खवणी धरून बसायची. म्हणायची, तिसरीला उठते, तिसरीला उठते. तर तू गायब! नारळ खवून खवून बोटं सोलली गं माझी. एवढी शिकलेली आणि तुला तीनपर्यंत मोजता येत नाही?"

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं.

"माफबीफ केलेलं नाही हं," त्या म्हणाल्या. "त्याला वेळ लागेल. काल किडावाने बोलावलं, कांदळवनापलीकडे खुंट्या ठोकायला हात कमी पडताहेत म्हणाली. म्हणजे मला बोलावलं, तुला नाही. चहा आहे का?"

"आहे. सेनेनेही आहेत थोडे."

"ते तूच खा."

मी दारातून बाजूला झाले. त्या हलेनात.

"या ना आत, बी."

"अशी कशी येऊ? मी हाक दिली आहे. तिचं उत्तर दे."

मग माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं, करिबू. पुटपुटल्यासारखंच.

"काय?"

"करिबू, बी! करिबू!" मी ओरडले. गल्लीतल्या ओट्यांवरची माणसं वळून बघायला लागली.

त्या माझा हात धरून आत आल्या. घरात कप एकच होता. तो त्यांना दिला आणि मी पातेल्यातून प्यायले.